लेहमन बुडाली त्या दिवशी काय दिसत होते? २००८ चा प्रचार तपासण्यासाठी तीन मोफत संकेतस्थळे

लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला तो दिवस १५ सप्टेंबर २००८. अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान होते ४ नोव्हेंबरला. मधल्या पन्नास दिवसांत रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा यांच्या प्रचाराचा नूर पार पालटला, हे सर्वश्रुत आहे. तो नेमका कसा पालटला हे तपासायला बसले की मात्र जाणकारसुद्धा एका जागी हमखास घसरतात: आज जे ठाऊक आहे ते तेव्हाही ठाऊक होते, असे धरून चालतात. मंदी किती खोल जाणार, किती नोकऱ्या जाणार, बँकांना वाचवण्यासाठीचे सातशे अब्ज डॉलर पुरणार की नाही, यातले काहीच उमेदवारांना माहीत नव्हते. म्हणून इथे तीन संकेतस्थळे एकाच कसोटीवर घासून पाहिली आहेत. त्या दिवशी जे दिसत होते ते, त्या दिवसाच्या रूपात, ती दाखवतात का?

तीन स्थळे अशी: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेचा ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’, सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे ‘फ्रेड’ आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजचे ‘लिव्हिंग रूम कँडिडेट’. पहिले शब्दांचे, दुसरे आकड्यांचे, तिसरे जाहिरातींचे. तिन्हींना पैसे पडत नाहीत.

शब्दांचे कोठार: प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट (पाचापैकी चार)

१९९९ पासून चालू असलेल्या या संग्रहात राष्ट्राध्यक्षांची भाषणे आणि आदेश तर आहेतच, पण आपल्या कामाचा खरा ऐवज म्हणजे पक्षांचे जाहीरनामे, वादफेऱ्यांचे पूर्ण शब्दांकन, आणि प्रचारमोहिमांची भाषणे व पत्रके. शोधाच्या पानावर दोन तारखा आणि व्यक्तीचे नाव घालता येते. शब्द टाकून शोधण्याआधी नुसत्या तारखांनी शोधावे. २४ ते २६ सप्टेंबर २००८ एवढाच पट्टा घातला तरी त्या विलक्षण आठवड्याचा सांगाडा हाती येतो. २४ तारखेला मॅकेन यांनी प्रचार थांबवण्याची घोषणा केली आणि २६ ची पहिली वादफेरी पुढे ढकलायला सांगितले. त्याच रात्री तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. २५ ला व्हाइट हाउसमध्ये दोन्ही उमेदवारांसह बैठक झाली, आणि २६ ला मिसिसिपी विद्यापीठात वादफेरी ठरल्याप्रमाणे पार पडली. विषय होता परराष्ट्र धोरण, पण सूत्रधार जिम लेहरर यांनी सुरुवातीचा मोठा वेळ वॉल स्ट्रीटलाच दिला. शब्दांकन उघडून पहिल्या प्रश्नापासून वाचत गेले की संकट वेळापत्रकातही कसे घुसले ते दिसते.

तारखांबाबत एक सावधगिरी. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. १०/०३/२००८ म्हणजे ३ ऑक्टोबर, १० मार्च नव्हे. ३ ऑक्टोबरलाच प्रतिनिधिगृहाने ते सातशे अब्ज डॉलरचे बचाव विधेयक मंजूर केले. तारीख उलटी वाचली तर तुम्ही थेट पक्षांतर्गत उमेदवार निवडीच्या प्राथमिक फेऱ्यांच्या काळात जाऊन पडाल, आणि शोधाच्या पानाला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. वेळेचा फरकही ध्यानात ठेवावा. २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहात या विधेयकाचा आधीचा मसुदा २२८ विरुद्ध २०५ मतांनी पडला आणि डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मराठी वर्तमानपत्रांची कात्रणे जोडीला घेणार असाल तर एक दिवस पुढची घ्यावी लागतात.

शब्दांनी शोधताना ‘इकॉनॉमी’ हा शब्द कुचकामी ठरतो, कारण तो जानेवारीपासून सगळीकडे आहे. ‘बेलआउट’ आणि ‘रेस्क्यू’ हे दोन शब्द वेगवेगळे शोधा. पहिला शब्द विरोधकांचा, ज्यात बँकवाल्यांना फुकट सोडवल्याचा वास येतो, दुसरा समर्थकांचा. विधेयकाच्या बाजूने मत द्यायची वेळ आली तसे दोन्ही उमेदवार कोणत्या शब्दाकडे सरकत गेले, हे तारखांच्या क्रमाने वाचले की कळते. मग ‘मेन स्ट्रीट’, म्हणजे सामान्य माणसांचा बाजार, शोधा, कारण वॉल स्ट्रीटला लगाम आणि मेन स्ट्रीटला मदत ही जोडी त्या महिन्यात दोन्ही बाजूंच्या तोंडी बसली होती.

या संग्रहातला सर्वात उपयोगी कागद भाषणांत नाही, जाहीरनाम्यांत आहे. दोन्ही पक्षांचे जाहीरनामे लेहमनच्या आधीचे: डेमोक्रॅटिक पक्षाचा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला, रिपब्लिकन पक्षाचा १ सप्टेंबरचा. म्हणजे संकटापूर्वीचा नमुना आयता जपून ठेवलेला आहे. रिपब्लिकन जाहीरनाम्यात खासगी संस्थांना सरकारने बेलआउट देण्यास आपला पाठिंबा नाही, असे साफ लिहिले आहे. बरोबर एका महिन्याने, १ ऑक्टोबरला, सिनेटने ७४ विरुद्ध २५ मतांनी विधेयक मंजूर केले तेव्हा त्याच पक्षाच्या उमेदवाराने बाजूने मत दिले. ओबामांनीही दिले. पण ओबामांना त्यासाठी स्वतःचा जाहीरनामा ओलांडावा लागला नाही. २९ सप्टेंबरच्या मतदानात रिपब्लिकन सदस्यांपैकी ६५ बाजूने आणि १३३ विरोधात होते, यावरून मॅकेन यांची कोंडी लक्षात येते. विरोध करावा तर देश बुडत असताना हात झटकल्याचा ठपका, पाठिंबा द्यावा तर पक्षाचे खासदार मागे नाहीत. ही कोंडी कोणत्याही एका भाषणात सापडत नाही. जाहीरनामा आणि मतदान शेजारी ठेवले की सापडते.

आता उणिवा. मोहिमेने वाटलेले भाषण बहुधा आधी तयार केलेला मजकूर असतो. व्यासपीठावर ऐन वेळी जे बोलले गेले ते त्यात असेलच असे नाही, आणि निवडणुका नेमक्या अशाच वाक्यांनी फिरतात. १५ सप्टेंबरला सकाळी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये मॅकेन म्हणाले की काळ कठीण आहे, पण आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया अजून मजबूत आहे. त्याच दिवशी ओबामांनी कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनमध्ये उलट विचारले, की सिनेटर, तुम्ही बोलताय तरी कोणत्या अर्थव्यवस्थेबद्दल? दिवस मावळायच्या आत मॅकेन यांना ऑर्लँडोत खुलासा करावा लागला, की पाया म्हणजे अमेरिकेचे कामगार. असल्या वाक्यांसाठी चित्रफितींच्या संग्रहाकडे, संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीकडे, जावेच लागते.

याचेच दुसरे उदाहरण ओहायोतले. १२ ऑक्टोबरला टोलिडोजवळ जो नावाच्या, प्लंबरकाम करणाऱ्या एका माणसाने रस्त्यात ओबामांना करांबद्दल विचारले. संपत्ती जरा वाटली गेली तर सगळ्यांचेच भले होते, असे ओबामा बोलून गेले, आणि ‘जो द प्लंबर’ जन्माला आला. दुसऱ्या दिवशी टोलिडोतच ओबामांनी अर्थसंकटावरची सविस्तर योजना मांडली: नव्या नोकरीमागे कंपनीला तीन हजार डॉलरची करसवलत, घरजप्तीला नव्वद दिवसांची स्थगिती, निवृत्तीच्या बचतीतून दंडाशिवाय पैसे काढायची मुभा. मोहिमेने हे भाषण व्यवस्थित छापून वाटले. तरी १५ ऑक्टोबरच्या हॉफ्स्ट्रा विद्यापीठातल्या वादफेरीचे शब्दांकन उघडा: प्लंबरचे नाव वीसहून अधिक वेळा येते. लिखित योजना एका बाजूला राहिली आणि रस्त्यावरचे एक वाक्य भाव खाऊन गेले. शब्दांकनात नावे मोजताना एक काळजी घ्यावी. वक्त्याचे नाव प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला असते, म्हणून ‘मॅकेन’ किंवा ‘ओबामा’ मोजले तर आकडा फुगतो. आधी ती नावे काढून टाका, मग मोजा.

२५ सप्टेंबरच्या बैठकीआधीचे बुश यांचे चार शब्द अधिकृत कागदांत मिळतात. दार लागल्यानंतरचे शब्दांकन मिळत नाही. जे काही आपल्याला ठाऊक आहे ते उपस्थितांनी पत्रकारांना सांगितले म्हणून. त्यासाठी संकेतस्थळाला दोष देण्यात अर्थ नाही.

आकड्यांचे कोठार: फ्रेड (साडेचार, पण ‘अल्फ्रेड’ वापरले तरच)

फ्रेडचे कौतुक सगळेच करतात. नाव टाका, आलेख येतो, एकक बदला, रेषा वाढवा, फाइल उतरवून घ्या. पण आपल्या कसोटीवर ते सरळ वापरले तर नापास होते, कारण फ्रेड प्रत्येक आकड्याचे आजचे, सुधारलेले रूप दाखवते. (मालिकांची सांकेतिक नावे इथे देवनागरीत फोडून दिली आहेत, टाइप करताना रोमन अक्षरे सलग लिहावीत.)

आलेखातली राखाडी पट्टीच बघा. डिसेंबर २००७ ते जून २००९ हा मंदीचा काळ फ्रेड आपोआप रंगवते. त्यामुळे सप्टेंबर २००८ चा बिंदू पट्टीच्या मधोमध दिसतो आणि वाटते, मंदी तर डोळ्यांसमोर होती, मॅकेन पाया मजबूत कसा म्हणाले? पण मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली हे जाहीर करणाऱ्या समितीने ते जाहीर केले १ डिसेंबर २००८ ला. मतदान उरकून जवळपास महिना झाला होता. प्रचाराचा अभ्यास करायचा तर आलेखाच्या मांडणीत जाऊन ही पट्टी आधी बंद करा.

नोकऱ्यांचे आकडे याहून फसवे. बिगरशेती नोकऱ्यांची मालिका आहे पी-ए-वाय-ई-एम-एस. ३ ऑक्टोबर २००८ ला, म्हणजे बचाव विधेयक मंजूर झाले त्याच दिवशी सकाळी, सप्टेंबरचा आकडा आला: १,५९,००० नोकऱ्या गेल्या. वाईट, पण कोणी हादरून जावे असा नव्हे. ७ नोव्हेंबरला, मतदानानंतर तीन दिवसांनी, हाच सप्टेंबरचा आकडा २,८४,००० झाला, आणि ५ डिसेंबरला ४,०३,०००. मतदारांनी आणि उमेदवारांनी पाहिलेली घसरण पुढच्या दोन महिन्यांतच अडीचपट झाली. आज फ्रेडवरून सप्टेंबरचा आकडा उचलून ‘तरीही मॅकेन करांबद्दलच बोलत राहिले’ असे लिहिणे म्हणजे परीक्षार्थीला पुढच्या वर्षीच्या पेपरवर गुण देणे.

यावरचा उतारा फ्रेडच्याच घरात आहे. ‘अल्फ्रेड’ नावाच्या वेगळ्या विभागात त्याच मालिका प्रकाशनाच्या तारखेनुसार जपून ठेवलेल्या आहेत. मालिका शोधा, आवृत्तीची तारीख ३ ऑक्टोबर २००८ निवडा, आणि एकक ‘मागच्या महिन्यापासूनचा बदल’ असे करा. हे एकक बदलणे विसरू नका. मूळ मालिका एकूण नोकऱ्यांची आहे, आणि वार्षिक फेरजुळणीत ती पातळीच सरकते. एका आवृत्तीतली ऑगस्टची पातळी दुसऱ्या आवृत्तीतल्या सप्टेंबरच्या पातळीतून वजा केली की येणारे उत्तर कशाचेच नसते. बदल नेहमी एकाच आवृत्तीच्या आत काढावा.

एकूण देशांतर्गत उत्पादनाचेही तसेच. तिसऱ्या तिमाहीचा पहिला अंदाज ३० ऑक्टोबरला आला, मतदानाच्या पाच दिवस आधी: वार्षिक दराने उणे ०.३ टक्के. आजची आवृत्ती त्याच तिमाहीत दोन टक्क्यांहून अधिक घट दाखवते. आधारवर्षही मधल्या काळात बदलत गेले आहे, त्यामुळे दोन आवृत्त्यांतले डॉलरचे आकडे समोरासमोर ठेवू नयेत, टक्केवारीच ठेवावी.

बेरोजगारीचा दर (यू-एन-आर-ए-टी-ई) त्यामानाने सरळ. सप्टेंबरचा ६.१ टक्के हा मतदानापूर्वीचा शेवटचा जाहीर आकडा, ऑक्टोबरचा ६.५ टक्के निकालानंतर आला. दहा टक्क्यांचा कळस तर ऑक्टोबर २००९ मधला. २००८ च्या मतदाराने दहा टक्के बेरोजगारीवर मत दिले, अशा थाटाचे लेख आजही दिसतात. ते चूक आहेत. मतदाराने भीतीवर मत दिले, आणि भीतीचे आकडे वेगळे असतात.

ते आकडेही फ्रेडवर आहेत, आणि बाजारभाव असल्यामुळे त्यांना नंतरची सुधारणा लागत नाही. व्ही-आय-एक्स-सी-एल-एस ही बाजारातील अस्थिरतेची दैनंदिन मालिका: १५ सप्टेंबरला तीसच्या आसपास, २९ ला ४६.७२, २७ ऑक्टोबरला ऐंशीच्या वर. दुसरी टेड स्प्रेड, टी-ई-डी-आर-ए-टी-ई: बँका एकमेकींना ज्या दराने उधार देतात तो दर आणि सरकारी हुंडीचा दर यांतला फरक. एरवी अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. १० ऑक्टोबरला साडेचार टक्क्यांच्या वर गेला. बँकांचा बँकांवरच विश्वास उरला नव्हता, याचा याहून नेमका पुरावा नाही. २०२२ पासून ही मालिका बंद आहे, म्हणून शोधात ‘खंडित’ असा शेरा दिसला तरी बिचकू नये; जुने आकडे वापरता येतात. शेअर बाजारासाठी मात्र फ्रेडवर विसंबू नका. एस अँड पी ५०० आणि डाऊ जोन्स या मालिका परवान्याच्या अटींमुळे फक्त गेल्या दहा वर्षांच्या मिळतात, २००८ त्यात बसत नाही. नॅसडॅक कॉम्पोझिट १९७१ पासूनचा आहे, तो चालवून घ्यावा.

फ्रेडवर एक मालिका अशी आहे जी या विषयात कोणी फारशी उघडत नाही: पेट्रोलचा साप्ताहिक भाव, जी-ए-एस-आर-ई-जी-डब्ल्यू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गॅलनला ४.११ डॉलर, ३ नोव्हेंबरला २.४० डॉलर. हा आलेख १५ सप्टेंबरच्या खुणेसह छापून घ्या. उन्हाळाभर मॅकेन यांचा सर्वात चालणारा आर्थिक मुद्दा होता समुद्रात तेलविहिरी खोदण्याचा. ३ सप्टेंबरला पक्षाच्या अधिवेशनात ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’चा घोष झाला. मग संकट आले, मागणी आटली, भाव पडला, आणि मुद्द्यातली हवा पंपावरच गेली. संकटाने ओबामांच्या हाती एक मुद्दा दिला, असे सगळे लिहितात. त्याच संकटाने मॅकेन यांच्या हातातला मुद्दा काढून घेतला, हे या एका आलेखात दिसते. कच्च्या तेलाच्या दैनंदिन मालिकेत २२ सप्टेंबरला एक उंच सुळका आढळेल. तो वायदा करार संपण्याच्या दिवसाचा आहे, त्यावर सिद्धान्त रचू नका.

फ्रेडवर बऱ्याच रकमा अब्ज डॉलरमध्ये असतात. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. सातशे अब्ज म्हणजे सत्तर हजार कोटी डॉलर. मराठीत लिहिताना एक शून्य इकडचे तिकडे होण्याची ही नेहमीची जागा.

तिघांतही नसलेली गोष्ट

जनमत चाचण्या या तिन्ही स्थळांवर नाहीत. प्रेसिडेन्सी प्रोजेक्टवर गॅलप या चाचणी संस्थेचे अध्यक्षांच्या कामगिरीचे आकडे आहेत (बुश ऑक्टोबरात २५ टक्क्यांवर होते), पण ओबामा विरुद्ध मॅकेन असा रोजचा आलेख हवा तर रिअलक्लिअरपॉलिटिक्सचे २००८ चे पान उघडावे लागेल. तिथे रेषा वाचताना दोन गोष्टी सांभाळा. गॅलपची रोजची चाचणी तीन दिवसांची सरासरी होती. १५ तारखेचा धक्का तिच्यात पुरता उतरायला १८ तारीख उजाडते. आणि मॅकेन यांची सप्टेंबरच्या सुरुवातीची आघाडी पक्षाच्या अधिवेशनानंतरची होती. अशी आघाडी दोन आठवड्यांत ओसरतेच, आणि ती ओसरायची वेळ लेहमनच्या वेळेशी जुळली. सगळी घसरण संकटाच्या खात्यावर टाकणे घाईचे ठरते. मतदानोत्तर चाचणीत ६३ टक्के मतदारांनी अर्थव्यवस्था हाच सर्वात महत्त्वाचा मुद्दा सांगितला, हा आकडा जास्त भक्कम.

जाहिराती: लिव्हिंग रूम कँडिडेट (तीन)

१९५२ पासूनच्या दूरचित्रवाणी जाहिराती, वर्षानुसार आणि विषयानुसार लावलेल्या, खाली शब्दांकनासह. २००८ चे पान उघडून जुलैअखेरची मॅकेन यांची ती प्रसिद्ध जाहिरात बघा, ज्यात ओबामांना पॅरिस हिल्टन आणि ब्रिटनी स्पिअर्स यांच्या रांगेत बसवले आहे. प्रश्न असा होता, की हा माणूस तारा आहे, नेता आहे का? सप्टेंबरनंतर हा प्रश्न कोणी विचारत नाही. ऑक्टोबरच्या जाहिराती कर, घर, नोकरी यांवर येतात. हा फरक दाखवायला वर्गात दहा मिनिटे पुरतात, आणि त्यासाठी याहून सोयीचे स्थळ नाही.

संशोधनासाठी मात्र ते अपुरे. इथे निवडक जाहिराती आहेत, सगळ्या नाहीत. आणि कोणती कुठे, किती वेळा दाखवली याची नोंद नाही. २००८ मध्ये हीच बाब कळीची होती. मॅकेन यांनी सरकारी निधी घेतला होता, त्यामुळे सर्वसाधारण प्रचाराला त्यांच्याकडे ८.४१ कोटी डॉलरची मर्यादा होती. ओबामांनी जूनमध्येच तो निधी नाकारला होता आणि एकट्या सप्टेंबरात सुमारे १५ कोटी डॉलर जमवले. संकट आले तेव्हा एका बाजूला प्रत्येक राज्यात नवी जाहिरात लावायला पैसा होता. दुसऱ्या बाजूने २ ऑक्टोबरला मिशिगनमधून काढता पाय घेतला. २९ ऑक्टोबरला ओबामांनी मोठ्या वाहिन्यांवर सलग अर्धा तास विकत घेतला. राज्यागणिक मोजणी हवी असेल तर विस्कॉन्सिन विद्यापीठाचा त्या काळचा जाहिरात प्रकल्प शोधावा.

राज्यांच्या बेरोजगारीची मालिका फ्रेडवर आहे (मिशिगनसाठी एम-आय-यू-आर, इंडियानासाठी आय-एन-यू-आर), पण राज्यांचे आकडे दरवर्षी मागे जाऊन पुन्हा काढले जातात, म्हणून तिथेही अल्फ्रेडच लागते. इंडियानापासून सुरुवात करावी. १९६४ नंतर प्रथमच ते डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेले, तेही एका टक्क्याच्या आसपासच्या फरकाने. इतक्या थोडक्या फरकात किती वाटा कारखाने बंद पडण्याचा आणि किती जाहिरातींचा, हे वेगळे काढायला दोन्ही मालिका एकाच तारखेच्या आवृत्तीत लागतात, आणि त्यातली जाहिरातींची मालिका या तिसऱ्या स्थळावर मिळत नाही.